साडूच्या दारातली गाडी

४ जानेवारी

दादा,

नमस्कार. पत्र बघून दचकू नका, घरात सगळे धडधाकट आहेत. फोन करणार होतो, पण फोनवर तुम्ही "बघू" म्हणता आणि ठेवून देता. शिवाय ताई फोन स्पीकरवर टाकतात, मग माझा प्रश्न राहतो बाजूला आणि दोघी बहिणींचं सुरू होतं. तुमची मेहुणी म्हणाली, "दादांना लिहून विचारा. त्यांना उत्तर लिहायला आवडतं." म्हणून हा खटाटोप.

प्रश्न गाडीचा आहे. आमची पिकअप आता चौदा वर्षांची झाली. गेल्या महिन्यात खाणीवरून फरशी आणताना चढावर तिचा मागचा एक्सेल तुटला. वर्षातली ही दुसरी खेप. दोन तास चाकामागे दगड लावून बसलो होतो आणि मागून येणारा प्रत्येक जण मला अक्कल शिकवून पुढे जात होता.

शोरूममध्ये जाऊन आलो. जड मालाची नवी मोठी पिकअप आली आहे. आमच्या गाडीच्या दुप्पट माल घेते, चढावर धापा टाकत नाही. किंमत मात्र अशी, की सांगताना सेल्समननेसुद्धा आवाज खाली आणला.

एवढा पैसा त्या गाडीत घालावा का? काचेच्या वखारीत हमाली करून तुम्ही स्वतःचं दुकान उभं केलंत. तुमचा शब्द मला पुरे. आबांनाही विचारा. चाळीस वर्षं ट्रक चालवलेला सासरा घरात असताना शोरूमवाल्याचं कशाला ऐकायचं? गाडीचं माहितीपत्रक सोबत जोडलं आहे.

तुमचा,
धाकटा साडू

११ जानेवारी

साडूबुवा,

बसून वाच.

तुझं ते गुळगुळीत माहितीपत्रक मिळालं. त्यात गाडी डोंगरावर उभी आहे आणि शेजारी एक माणूस कमरेवर हात ठेवून लांब कुठेतरी बघतो आहे. त्याच्या कपड्यांवर एक डाग नाही. ज्याच्या कपड्यांवर डाग नाही, त्याच्याकडे बघून मालाची गाडी घेऊ नये.

तुला स्पष्ट सांगतो. घेऊ नकोस. नाकापेक्षा मोती जड होईल. तुझ्या दिवसाला दोन खेपा. उरलेला वेळ ती दारात उभी राहणार आणि येणारा-जाणारा म्हणणार, "वा, काय गाडी आहे!" त्या "वा"वर टायर येत नाहीत. तुझी गल्ली मी पाहिली आहे. जुनी गाडी वळवायची म्हटली की समोरच्या शिंप्याला खुर्ची उचलावी लागते. ही आली तर त्याला दुकान उचलावं लागेल.

आणि मुख्य म्हणजे हौदा. जुन्या गाडीचा हौदा तुझ्या कमरेला लागतो, फरशी टेकवली आणि सरकवली की गेली आत. हिचा छातीला लागेल. रोज छातीपर्यंत दगड उचलताना एखाद्या दिवशी मनगट घालवून बसशील. मग म्हणू नकोस, दादांनी सांगितलं नव्हतं.

आबांचंही हेच मत. मी त्यांना तुझं पत्र वाचून दाखवलं. ते "हं" म्हणाले. आबांचा "हं" मी सहा वर्षं घरात ऐकतो आहे, हा नकोचा होता. माहितीपत्रक रद्दीत टाकणार होतो, पण ते त्यांनी उशाखाली ठेवलं आहे. असू दे, कागद जाड आहे.

माझी गाडी सोळा वर्षांची. दरवाजा आतून उघडत नाही, तरी तिच्यातून नेलेली काच आजवर फुटली नाही. एक्सेल बदल, स्प्रिंगचे पाटे बदल आणि पाच वर्षं काढ. यात माझा काडीचा स्वार्थ नाही. पोटात दुखतं म्हणून लिहितो आहे, असं तुझ्या मनात येणार नाही, पण कोणी तसं म्हणालं तर माझं नाव सांगून गप्प कर.

तुझा,
दादा

६ फेब्रुवारी

दादा,

रागावू नका. गाडी घेतली.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि एक्सेल बदललाही. अकराव्या दिवशी उतारावर पाट्याचा तुकडा पडला आणि गाडी एका अंगाला बसली. हौद्यात आमचा एक माणूस होता. त्याने उडी मारली म्हणून वाचला. फरशा त्याच्या मागोमाग आल्या, त्याच्या चपलेवर. दुसऱ्या दिवशी मी शोरूम गाठलं. तुमचा शब्द मोडला, तो असा मोडला.

गाडी काळी आहे. शिंप्याने फक्त खुर्ची उचलली, दुकान जागच्या जागी आहे. पहिल्याच खेपेला चढ असा चढली की मला आपण सपाटीवर असल्यासारखं वाटलं.

आबांचा परवा फोन आला होता. म्हणाले, "कशी आहे रे? खालचा गिअर किती ओढतो?" त्यांना बघायची आहे. आठ दिवस पाठवता का? तुमच्या मेहुणीलाही माहेर घरी आल्यासारखं होईल.

तुमचा,
धाकटा

१२ फेब्रुवारी

साडूबुवा,

अभिनंदन. माणूस वाचला हे महत्त्वाचं. गाडी घेतलीस हेही बरंच झालं म्हणायचं. घेतल्यावर सल्ला देऊन काय, बूट घातल्यावर माप घ्यायचं काय?

काळी का घेतलीस, ते मात्र कळलं नाही. फरशीची पांढरी धूळ काळ्यावर किती उठून दिसेल! पण तू पुसत असशील. रोज. फडकंही नवीन घेतलं असशील.

आबांना येत्या शनिवारी बसमध्ये बसवून देतो. ते आजच दाढी करून बसले आहेत. माझी गाडी बघायला आबा कधी दाढी करून आले नाहीत. मी थोरलीला तसं म्हणालो, तर ती म्हणाली, "तुमची गाडी बघायला डोळे मिटून यावं लागतं." बाप-लेक एका माळेचे मणी.

एक गोष्ट लिहून ठेवतो. तुला ठाऊक आहे, तरी लिहितो. मी वखारीत काचा उचलत होतो तेव्हा आबा तिथला ट्रक चालवायचे. मला ना आई, ना बाप, ना स्वतःची खोली. एक दिवस माल उतरवून झाला आणि आबा म्हणाले, "माझी थोरली करशील का?" तुला जावई केलं तेव्हा तुझ्याकडे दुकान होतं. माझ्याकडे दोन हातमोजे होते, त्यातला एक फाटका. त्या दिवसापासून मी कोणाला बाप म्हटलं असेल तर या माणसाला. सासूबाई गेल्यावर मी त्यांना आणायला गेलो तेव्हा ते नको म्हणत होते. मी त्यांची खुर्ची गाडीत टाकली, मग त्यांना यावंच लागलं.

म्हणून आठ दिवस म्हणजे आठ दिवस. रक्तदाबाची गोळी सकाळी. सांगितल्याशिवाय घेत नाहीत.

दादा

५ मार्च

साडूबुवा,

तुमच्याकडे आठ दिवस किती दिवसांचे असतात? आमच्याकडे आठच असतात. आज अठरावा.

मी तीनदा फोन केला. पहिल्यांदा तुझा माणूस म्हणाला, "आबा गाडीवर आहेत." दुसऱ्यांदा म्हणाला, "आबा गाडीवर आहेत." तिसऱ्यांदा आबा स्वतः आले आणि काय म्हणाले? "अरे, हिच्यात बसलं की सगळा रस्ता दिसतो!" माझ्या गाडीत बसून काय भिंत दिसते? परत कधी येताय विचारलं, तर म्हणाले, "बघू." माझाच शब्द मला परत.

थोरलीला विचारलं, तुझे वडील तिथेच राहणार का? ती उठून भांडी घासायला लागली. घासलेली भांडी. घरात काहीतरी चाललं आहे आणि मला कोणी सांगत नाही, एवढं कळण्याइतके माझे कान तिखट आहेत.

संध्याकाळी दुकान बंद करून आलो की आबा विचारायचे, "आज किती फुटल्या?" मी म्हणायचो, "एकही नाही." एवढंच आमचं बोलणं. सहा वर्षं रोज एवढंच. आता घरात येतो, कोणी काही विचारत नाही, मी खुर्चीकडे बघून "एकही नाही" म्हणतो. थोरलीने परवा ऐकलं. हसली नाही.

मी समजू शकतो. मऊ सीट, थंड हवा, गाणी लावायचा पडदा. म्हाताऱ्या माणसाला काय लागतं? पण गाडी दाखवून माणूस ठेवून घेणं बरं नव्हे, एवढं लिहितो आणि थांबतो.

दादा

१० मार्च

दादा,

पत्र मिळालं. आबा मजेत आहेत, गोळी घेतात. आणखी थोडे दिवस त्यांना राहू द्या. तुमच्याकडे लवकरच पाठवतो. गाडीचा काही त्रास नाही. धंदा चालू आहे.

तुमचा,
धाकटा

१५ मार्च

साडूबुवा,

पाच ओळींचं पत्र, आणि तेही मेहुणीच्या अक्षरात! तिचा गोल "ब" मी लग्नपत्रिकेवरच्या पत्त्यांपासून ओळखतो. आता तू बोलतोस आणि बायको लिहिते का? गाडी मोठी झाली की मालकही मोठा होतो, ऐकून होतो, आता वाचलं. उद्या सहीलासुद्धा माणूस ठेवशील.

एक ओळ खोडली आहे. मी ती उजेडावर धरून वाचली. "आबांवाचून इथे चालत नाही." लिहायचं होतंस की! खोडलंस कशाला? माझ्या तोंडावर मारायला लाज वाटली, तेवढी शिल्लक आहे म्हणायची.

असो. आता माझी बातमी. मीही गाडी घेतली. तीच. तुझ्यापेक्षा एक पायरी वरची. तिच्या सीट गरम होतात आणि पायरी आपोआप खाली येते, म्हातारं माणूस राजासारखं चढेल. रंग पांढरा, धूळ दिसत नाही. जुनी विकली. नेणाऱ्याला आतून दरवाजा कसा उघडायचा ते शिकवताना अर्धा तास गेला.

कोणी म्हणेल, तूच नको म्हणाला होतास. तो सल्ला तुझ्यासाठी होता. माणसागणिक सल्ला बदलतो. उद्या नव्या वाचनालयाची बारा मोठी तावदानं न्यायची आहेत, पुरुषभर उंचीची. या गावात इतकी मोठी काच आजवर कोणी बसवलेली नाही. त्या कामाला अशीच गाडी शोभते.

आबांना सांग, आता इथूनही सगळा रस्ता दिसतो.

दादा

३१ मार्च

दादा,

गाडीबद्दल मनापासून अभिनंदन. पत्र मी सांगतो आहे आणि तुमची मेहुणी लिहिते आहे, हे खरं. मालक झालो म्हणून नाही. पुढे कधीतरी सांगेन.

तुमचं पत्र आबांना वाचून दाखवलं. बारा तावदानं ऐकल्यावर ते उठून बसले. म्हणाले, "तसल्या गाडीत काच? त्याला विचार, किती फुटल्या." मी म्हटलं, आबा, दादांच्या हातून काच फुटत नाही. ते म्हणाले, "हाताचं कोण बोलतंय? विचार तू."

म्हणून विचारतो आहे. माझ्यावर रागावू नका.

तुमचा,
धाकटा

५ एप्रिल

साडूबुवा,

काच हल्ली पातळ येते. कारखानदार चोर झाले आहेत. रस्त्यावर स्पीडब्रेकर इतके, की सरळ रस्ता त्यांच्या मधे शोधावा लागतो. आणि माझा एक माणूस नवीन आहे, त्याने लाकडी घोडीवर काचा उभ्या करताना मधला लोकरीचा नमदा नीट लावला नसेल. या सगळ्याचा गाडीशी काही संबंध नाही. गाडी उत्तम आहे.

तुला कोणी सांगितलं? थोरलीने? की वाचनालयवाल्यांनी तुला पत्र पाठवलं? बारापैकी किती, हा माझ्या दुकानातला प्रश्न आहे. तिथे बसून माझ्या फुटलेल्या काचा मोजायला आबांना वेळ आहे, इथे यायला नाही?

आता माझं ऐक. मी शनिवारी एकोणीस तारखेला येतो आहे. नवी गाडी घेऊन येतो आहे. आबांना घेऊन जाणार. त्यांना यायचं नसेल तर त्यांनी मला समोर उभं राहून सांगावं, की मला या घरात राहायचं आहे. मी ऐकेन आणि परत जाईन. पण तुझ्याकडून ऐकणार नाही, मेहुणीच्या अक्षरात तर नाहीच.

दादा

११ एप्रिल

जावईबापू,

हे मी स्वतः लिहितो आहे. अक्षर लागलं नाही तर थोरलीकडून वाचून घे.

आधी धाकट्या जावयाचं. मी इथे आलो त्याच्या चौथ्या दिवशी फरशी हौद्यात चढवताना निसटली आणि त्याच्या उजव्या मनगटावर आली. दोन ठिकाणी मोडलं. हौदा उंच पडतो, तू लिहिलं होतंस. तेच झालं, म्हणून त्याला तुला सांगायची लाज. "दादांना कळवू नका, ते बोलणार नाहीत, पण मनात म्हणतील." मी म्हटलं, तो मनात म्हणणारा नाही, तोंडावर म्हणेल. तरी त्याने शपथ घातली. थोरलीला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. तिला मीच गप्प बसवलं. तेव्हा भांड्यांवरून तिला बोलू नकोस.

भाड्याचे दोन ड्रायव्हर ठेवले. एक आठवड्यात पळाला, दुसरा चौथ्या दिवशी. हप्ता थांबत नाही. मग धाकटी म्हणाली, "आबा, मी शिकते." तिला मी गाडी शिकवतो आहे. दुकानामागच्या आवारात सकाळ-संध्याकाळ. सव्वीस तारखेला तिची लायसन्सची परीक्षा आहे. रिव्हर्समध्ये कच्ची आहे, बाकी हात चांगला आहे.

आता तुझं. तू माझ्या नावावर नको लिहिलंस. मी हं म्हणालो होतो. हं म्हणजे ऐकलं. फरशीला अशीच गाडी पाहिजे. तू मला सरळ विचारलं असतंस तर मी त्याला घे म्हणालो असतो, आणि तुला नको म्हणालो असतो. तिचे पाटे दोन टन दगडासाठी ठोकलेले. वर बारा काचा ठेवल्या तर त्या आहेत हे तिला कळतसुद्धा नाही. ती रिकामीच समजून उड्या मारते. तुझ्या जुन्या गाडीचे पाटे दमलेले होते, काच पाळण्यात घातल्यासारखी जायची. ती विकलीस ते वाचून मला वाईट वाटलं. आता एक कर. आठ-दहा क्विंटल वाळूची पोती तळाशी टाक, घट्ट बांध, त्यावर घोडी ठेव. गाडी खाली बसेल. काच वाचेल. डिझेल जास्त जाईल, त्याला इलाज नाही.

इथल्या गाडीत चढायला मला स्टूल लागतं. उतरताना धाकटी धरते. सीट मऊ आहे, पण पाठ धरते. मी चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या गाड्या चालवल्या. गाडी बघून मी कोणाच्या घरी राहत नाही, एवढं तुला कळायला हवं होतं.

शनिवारी ये. तू चल म्हणालास तर मी येईन. परीक्षा सात दिवसांवर असेल, तरी येईन. तू म्हणायचं आणि मी यायचं, यात दुसरं काही नाही.

आबा

ता. क. किती फुटल्या ते अजून तू लिहिलेलं नाहीस.

१९ एप्रिल, शनिवार
तुझ्याच दुकानातल्या टेबलावरून

साडूबुवा,

तू प्लास्टर काढायला गेला आहेस असं तुझा माणूस म्हणाला. तुला यायला दुपार होईल, मला त्याआधी निघायचं आहे, म्हणून लिहितो. टेबलावर बसून लिहिताना तुझी पट्टी आणि पेन्सिल जागेवरून हलवली आहे, ओरडू नकोस.

सात. बारापैकी सात. तू फोनवर विचारलं असतंस तर मी दोन म्हणालो असतो.

सकाळी आलो तेव्हा पुढे कोणी नव्हतं. मागच्या आवारातून आबांचा आवाज आला. "सोड, सोड, हळू सोड. क्लच आहे तो, नवऱ्याचा गळा नाही!" मग गाडी बंद पडल्याचा धक्का. मग मेहुणीचं हसणं. मग पुन्हा आबा, "आरशात बघ. माझ्याकडे काय बघतेस, मी काय आरसा आहे?" मी फरशांच्या चळतीआड उभा राहिलो.

तुझ्या त्या काळ्या डोंगराला ती मागे घेत होती, दोन चळतींच्या मधून, दोन्हीकडे वीतभर जागा. आबा मागे उभे होते, हात वर, बोटांनी इशारे. "ये... ये... डावीकडे कापू नको... अगं ये!" गळ्याच्या शिरा फुगलेल्या. धाप लागलेली. सदरा धुळीने पांढरा.

सहा वर्षांत आबा आमच्याकडे एकदाही ओरडले नाहीत. वेळेवर जेवले, सांगितली की गोळी घेतली, "छान" म्हणाले. मी त्यांना खुर्ची दिली, खिडकीजवळची. हवेशीर. सांभाळायचं म्हणून मी त्यांना कशालाही हात लावू दिला नाही. काच धरू का म्हणाले, तर मी म्हणालो, आबा, तुम्ही बसा. सहा वर्षं बसा.

तुझं मनगट मोडलं आणि आबांना काम मिळालं. साडूबुवा, मी चळतीआड उभा राहून तुझ्या मोडलेल्या मनगटाचा हेवा केला. आता बोल. गाडीचा केला होता तोपर्यंत ठीक होतं, गाडीला निदान किंमत असते. मनगट मोडल्याबद्दल मी तुला दोन शब्द सहानुभूतीचे लिहायला हवेत, ते पुढच्या पत्रात लिहीन. आज येत नाहीत.

गाडी बरोबर मधे येऊन थांबली. एका चळतीलाही धक्का नाही. आबांनी हात खाली केला आणि तेव्हा मी त्यांना दिसलो. म्हणाले, "आलास? बघितलंस? बघितलंस का आत्ता?" असे म्हणाले, जणू ती गाडी त्यांनीच घडवली आहे.

चहा झाला. मेहुणी माझ्याशी नजर चुकवून बोलत होती. कप उचलायला ती आत गेली आणि मी बाहेरच्या खोलीत पाय मोकळे करायला गेलो. दाराजवळ आबांची पिशवी होती. भरलेली. चेन लावलेली. वर गोळ्यांचं पाकीट आणि त्यांचे चांगले बूट, कागदात गुंडाळून. कालच रात्री भरून ठेवली असावी. मेहुणीला माहीत नव्हतं, माझ्या मागून येऊन तिने पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला. "दादा, नेऊ नका" असंसुद्धा म्हणाली नाही.

मी पिशवी उचलली. आत नेली, त्यांच्या खाटेखाली सरकवली. बूट काढून कोपऱ्यात ठेवले. गोळ्या उशाशी. मेहुणी बघत उभी होती. मी म्हटलं, "रिव्हर्सचं काय आहे, मान वळवायची सवय लागेपर्यंत आरशावर विसंबायचं." जणू मला कोणी विचारलं होतं.

आबा बाहेर आले, टोपी घालून. म्हणाले, "निघायचं?" मी म्हटलं, "गाडीत जागा नाही. वाळू भरली आहे."

ते गाडीपाशी गेले, वाकून तळाची पोती बघितली, दोरी ओढून पाहिली. मग पुढच्या रिकाम्या सीटकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. म्हणाले, "गाठ सैल आहे," आणि पुन्हा बांधून दिली. स्वतःच्या हाताने. मी मागे सरकून उभा राहिलो आणि बांधू दिली.

आता कामाचं. परीक्षा झाली की त्यांना न्यायला मी येणार नाही. मेहुणीने स्वतः चालवत आणून सोडायचं, हीच तिची खरी परीक्षा. तू शेजारी बसायचं आणि तोंड बंद ठेवायचं.

आणि आत्ताच मी थोरलीला फोन केला. विचारलं, तुला गाडी शिकायची आहे का? पलीकडे हातातलं भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "लग्नाला एकवीस वर्षं झाली. आज सुचलं?" मी म्हटलं, शिकवायला आबा येतील. ती म्हणाली, "मग उद्यापासून."

मी तिला सव्वीस तारीख सांगितली आहे. त्यापुढे एक दिवस थांबायला ती तयार नाही, मीही नाही. तेव्हा मेहुणीला सांग, पहिल्या फटक्यात पास हो. नापास झालीस तर दुसऱ्या वेळी आबा मिळणार नाहीत. आमच्याकडे त्यांना काम आहे.

तुझा,
दादा